पदक नसलेले अध्यक्षपद

वाचकाचे पत्र, थोडक्यात : कॅलिफोर्नियाच्या बे एरियात राहणाऱ्या एका आईने हे पत्र पाठवले आहे. मूळ गाव सांगली जिल्ह्यातले. पतिपत्नी दोघेही सॉफ्टवेअर क्षेत्रात. मुलगी सरकारी हायस्कूलमध्ये अकरावीत आहे आणि या वर्षअखेरीस तिला कॉलेजचे अर्ज भरायचे आहेत. नववीत ती शाळेच्या खगोल क्लबमध्ये गेली, तेव्हा तिथे चार-पाच मुले जेवणाच्या सुटीत जमून गप्पा मारत. दहावीत ती सचिव झाली, अकरावीत अध्यक्ष. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांकडे कपाटामागे पडून असलेली आठ इंची दुर्बीण तिने खटपट करून चालू केली. आता क्लबमध्ये पंचवीसेक मुले आहेत आणि महिन्यातून एकदा ती सार्वजनिक वाचनालयाच्या पार्किंगमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र आणि ग्रह दाखवतात. मात्र हा क्लब कुठल्या स्पर्धेत उतरत नाही, त्यामुळे पुरस्कार एकही नाही. परिचयातल्या मुलांकडे गणिताच्या परीक्षांची पात्रता आहे, राज्य पातळीवरची पदके आहेत. एका खासगी सल्लागाराने सांगितले, की पुरस्काराशिवाय अध्यक्षपदाची किंमत शून्य. मुलीने क्लब सोडावा, उरलेले महिने स्पर्धांना द्यावेत किंवा उन्हाळ्यात स्वतःची एखादी सेवाभावी संस्था काढावी. वडिलांना हे पटले आहे, आईला अर्धे पटले आहे. तीन वर्षे वाया गेली का आणि मुलीला क्लब सोडायला सांगावे का, असे त्या विचारतात. पत्राच्या शेवटी ओझरता उल्लेख आहे, की सासऱ्यांना पक्षाघात झाल्यापासून आठवड्यातल्या तीन दुपारी मुलगीच त्यांच्याजवळ असते, ‘त्यामुळे तिला तसाही वेळ कमीच मिळतो’.

सप्रेम नमस्कार,

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि कारणे मागाहून सांगते. मुलीला क्लब सोडायला सांगू नका. सल्लागारांचे म्हणणे सगळेच चुकीचे आहे असे नाही, त्यातल्या खऱ्या भागाकडे मी येणारच आहे. पण त्यांनी सुचवलेला उपाय आधी कॅलेंडरपुढेच टिकत नाही.

आज एप्रिल आहे. लवकरच्या फेरीने अर्ज करायचा असेल, तर बहुतेक खासगी कॉलेजांची मुदत १ नोव्हेंबरच्या आसपास संपते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, म्हणजे यूसीचा, अर्ज नोव्हेंबरअखेर बंद होतो आणि खासगी कॉलेजांची नेहमीची फेरी जानेवारीच्या सुरुवातीला. आता स्पर्धांकडे पाहा. गणिताची एएमसी परीक्षा नोव्हेंबरमध्ये असते आणि तिच्यातून निवडलेल्या मुलांची एआयएमई फेब्रुवारीत. सायन्स ऑलिंपियाडच्या स्थानिक फेऱ्या हिवाळ्यात सुरू होतात. खगोलशास्त्राच्या ऑलिंपियाडची अमेरिकेतली पहिली फेरीही हिवाळ्यातच होते, म्हणजे या वर्षीची होऊन गेली आणि पुढची येईल तेव्हा तुमच्या मुलीचा शेवटचा अर्जही पाठवून झालेला असेल. शिवाय या ऑलिंपियाडची आंतरराष्ट्रीय स्पर्धा गेल्या ऑगस्टमध्ये मुंबईत भरली होती, त्या निमित्ताने तिच्या प्रश्नपत्रिका तुम्ही पाहिल्या असतील तर लक्षात आले असेल, की तिथे लागणारी खगोलभौतिकी आणि गणित ही सहा महिन्यांत उरकण्याजोगी तयारी नव्हे. तेव्हा हातातले काम सोडून जे मिळवायला सांगितले जात आहे, ते मिळाले तरी अर्जात लिहिण्याच्या वेळेपर्यंत मिळणार नाही. हा हिशेब सल्लागारांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. तुमच्या पत्रात क्लब, पदके, शेजारच्या मुलांची पदके आणि संस्था यांबद्दल बरेच आहे, पण मुलीच्या या सत्रातल्या विषयांबद्दल आणि ग्रेडबद्दल एक ओळही नाही. यूसी एसएटी आणि एसीटी या परीक्षांचे गुण प्रवेशासाठी पाहतच नाही, त्यामुळे तिथे शालेय ग्रेडला आधीपेक्षाही अधिक वजन आले आहे, आणि जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढताना दहावी व अकरावीतले, अधल्यामधल्या उन्हाळ्यांसह, ठरावीक विषय धरले जातात. म्हणजे सध्या चालू असलेले सत्र हे त्या गणितातले जवळजवळ शेवटचे सत्र आहे. मे महिन्यात एपी, म्हणजे हायस्कूलमध्ये शिकवल्या जाणाऱ्या कॉलेज पातळीच्या विषयांच्या, परीक्षा आहेत. अशा वेळी एखाद्या नव्या स्पर्धेच्या तयारीला तिला जुंपणे म्हणजे ज्याला सर्वांत जास्त किंमत आहे ते पणाला लावून ज्याची शाश्वती नाही त्याच्यामागे धावणे होईल.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजे कॉमन डेटा सेट नावाचा तक्ता दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. त्यातला सी-७ हा भाग पालकांनी एकदा तरी शांतपणे वाचावा. प्रवेश देताना कुठल्या गोष्टीला किती महत्त्व दिले जाते, ते तिथे ‘अतिशय महत्त्वाचे’पासून ‘विचारात घेत नाही’पर्यंत चार रकान्यांत खुणा करून सांगितलेले असते. वर शैक्षणिक बाबी असतात : विषयांची काठिण्यपातळी, जीपीए, निबंध, शिफारसपत्रे. खाली मुलाखत, शाळाबाह्य उपक्रम, कलाकौशल्य, स्वभाव व वैयक्तिक गुण, स्वयंसेवा, नोकरीचा अनुभव इत्यादी. या यादीत पुरस्कारांसाठी वेगळी ओळ नाही, आणि नेतृत्वासाठीही नाही. दोन्ही ‘उपक्रम’, ‘कौशल्य’ आणि ‘स्वभाव’ या ओळींतच सामावतात. मुलगी ज्या कॉलेजांचा विचार करत असेल त्यांचे तक्ते काढून शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येक ठिकाणी उत्तर सारखे नसते आणि ‘अमेरिकन कॉलेजांना काय हवे असते’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही, हे त्यावरून लगेच कळेल.

आता सल्लागारांच्या म्हणण्यातला खरा भाग. नुसत्या अध्यक्षपदाला फारशी किंमत नाही, हे खरेच आहे. या देशात वीस हजारांहून अधिक हायस्कुले आहेत आणि मोठ्या हायस्कूलमध्ये क्लबांची संख्या सहज पन्नासच्या पुढे जाते. त्या प्रत्येक क्लबला अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार असतात आणि त्यांतले कितीतरी क्लब सप्टेंबरमध्ये नोंदणीच्या दिवशी टेबल मांडण्यापलीकडे फारसे काही करत नाहीत. अर्ज वाचणाऱ्या माणसाला हे माहीत असते. त्यामुळे ‘अध्यक्ष’ हे पद वाचून त्याच्या मनावर काही उमटत नाही. पुढच्या ओळीत काय आहे तिकडे त्याची नजर जाते. पुढच्या ओळीत राष्ट्रीय पातळीचे पदक असेल तर त्याचे काम सोपे होते, कारण त्या मुलाला ओळखत नसलेल्या कुणीतरी त्याची परीक्षा घेऊन झालेली असते. पुरस्काराचा उपयोग हा एवढाच आहे : तो बाहेरच्या माणसाने दिलेला पुरावा आहे. पुरावा नसलेले पद कमकुवत ठरते, इथपर्यंत सल्लागारांचे बरोबर आहे. पुरस्कार हाच एक पुरावा असतो, ही त्यांची पुढची उडी मात्र मला मान्य नाही.

ही उडी आपल्याला इतकी स्वाभाविक का वाटते, तेही पाहण्यासारखे आहे. तुम्ही-आम्ही ज्या घरांत वाढलो तिथे प्रशस्तिपत्रकांची एक प्लास्टिकची फाइल असायचीच. चित्रकलेच्या इंटरमिजिएटची श्रेणी किंवा खेळातले प्रावीण्य यांचे प्रमाणपत्र जोडले की बोर्डाच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात, आणि जोडले नाही तर मिळत नाहीत. दुसरीकडे अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयच्या प्रवेशाला शाळेत तुम्ही काय काय केले हे कुणी विचारतच नाही. दोन्ही बाजूंना हिशेब रोखठोक आहे, मध्ये वाचणारा माणूस नाही. त्या व्यवस्थेत जिच्या कामाचा कागद नाही तिचे कामच नाही, असे मानणे व्यवहाराला धरून होते. इथे मात्र निवडक कॉलेजांत अर्ज माणूस वाचतो, आणि तो शिक्षकांचे पत्र, शाळेच्या समुपदेशकाचे, म्हणजे काउन्सेलरचे, पत्र, मुलीचे स्वतःचे लेखन हे सगळे एकमेकांशी ताडून पाहतो. ही पद्धत अधिक न्याय्य आहे असा माझा दावा नाही. तिच्यात लहर आहे, पैशाचा प्रभाव आहे, आणि नकार मिळाल्यावर कारण विचारायची सोय नाही. पण ती वेगळी आहे, आणि तिथे पुरावा वेगळ्या वाटेनेही पोचवता येतो.

हा वाचणारा माणूस काय पाहतो याची एक दुर्मीळ झलक हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यात मिळाली. २०१८ साली बोस्टनच्या न्यायालयात सुनावणी झाली तेव्हा अर्ज वाचणाऱ्यांसाठीच्या अंतर्गत सूचना उघड झाल्या. त्यांत उपक्रमांना १ ते ६ असे आकडे दिलेले आहेत. पहिला आकडा राष्ट्रीय पातळीच्या किंवा खरोखर असामान्य कामगिरीला. दुसरा शाळेत भक्कम योगदान देणाऱ्यांना, आणि तिथे उदाहरणे दिली आहेत ती वर्गाचा अध्यक्ष, शालेय वृत्तपत्राचा संपादक, वाद्यवृंदाचा प्रमुख वादक अशी. सोबत स्थानिक किंवा प्रादेशिक पातळीवरची दखल आणि भरीव कामगिरी यांचाही उल्लेख आहे. तिसरा आकडा चांगला सहभाग, पण विशेष ठसा नाही, अशांना. याच तिसऱ्या आकड्यापाशी एक कंसातली टीप आहे, की काम विशेष व्यापक आणि सकस असेल तर काही अर्जांना वरच्या आकड्याकडे सरकवावे. तुमच्या मुलीचा प्रश्न नेमका या टिपेतला आहे. ती दोन आणि तीनच्या सीमेवर उभी आहे, आणि ती कुठल्या बाजूला जाईल हे तिचे काम किती खोल आहे आणि ते कागदावर किती स्पष्ट उतरते यावर ठरेल. हे एका कॉलेजचे, काही वर्षांपूर्वीचे चित्र आहे, पण ‘किंमत शून्य’ या निकालाला त्यात कुठे आधार सापडत नाही.

एक बाजू झाकून ठेवणे बरे नाही, म्हणून तीही सांगते. मुलीचे मन एमआयटी किंवा कॅलटेकसारख्या ठिकाणी गणित वा भौतिकशास्त्र शिकण्यावर असेल, तर तिथल्या अर्जदारांत ऑलिंपियाडपर्यंत पोचलेली मुले बरीच असतील आणि त्यांची पदके तिथे वजनदार ठरतील. तिथे अर्ज करू नये असे मी म्हणणार नाही. एमआयटीचा स्वतःचा अर्ज फक्त चार उपक्रम विचारतो, हे मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे. दहा ओळी भरण्यासाठी दहा ठिकाणी धावलेल्या मुलांना तिथे सहा ओळी गाळाव्या लागतात.

आता हातात असलेल्या कामाकडे वळू. पुढचे सहा महिने क्लब जसा चालला आहे तसा नुसता चालू ठेवणे हा एक पर्याय आहे आणि तो वाईट नाही. पण त्याहून चांगला पर्याय म्हणजे मुलगी गेल्यावर क्लबचे काय होईल, हा प्रश्न तिने आता हाती घेणे. आजवर तिने शून्याजवळून काहीतरी उभे केले. ते तिच्याशिवाय चालू शकते का, हे अजून सिद्ध व्हायचे आहे. नववी-दहावीतल्या दोघा-तिघांना दुर्बीण लावायला, आरसे जुळवायला, रांगेतल्या पाच वर्षांच्या मुलाला नेत्रिकेतून नेमके कुठे पाहायचे ते समजावायला तिने शिकवावे. वाचनालयाशी कुणाशी बोलायचे, ढग आले तर काय करायचे, पार्किंगचे दिवे किती वाजता मालवून मिळतात, हे सगळे चार पानांत लिहून ठेवावे. एखाद्या महिन्याचा कार्यक्रम पूर्णपणे त्यांच्यावर सोपवून स्वतः मागे उभे राहावे. असे काम कुठलाही परीक्षक पदक देऊन गौरवत नाही, आणि अर्ज वाचणाऱ्यांना ते क्वचितच पाहायला मिळते.

उन्हाळ्यासाठी तर आकाशानेच तारीख दिली आहे. येत्या १२ ऑगस्टला अमावास्या आहे आणि त्याच सुमारास ययातीचा, म्हणजे पर्सिड्स, उल्कावर्षाव ऐन भरात असतो. चंद्राचा अडथळा नसलेले असे वर्ष दर वेळी येत नाही. शहरातल्या कुटुंबांसाठी जवळच्या डोंगरावर, परवानगी काढून, एका रात्रीचा कार्यक्रम त्यांना करता येईल. तुमच्या भागात तर या परंपरेचे मूळच आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बिणी मांडून लोकांना आकाश दाखवणारा गट १९६८ साली सुरू झाला आणि त्यामागचे जॉन डॉब्सन हे त्याआधी वीसहून अधिक वर्षे रामकृष्ण संघाच्या वेदान्त मठात संन्यासी होते. दुर्बिणी बनवण्याच्या नादापायी त्यांना मठ सोडावा लागला. शाळेतली ती आठ इंची दुर्बीण लाकडी बैठकीवर फिरणारी असेल, तर ती बहुधा त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारची असणार. मुलीला हे माहीत नसेल तर सांगा, तिला आवडेल.

काम झाल्यावर ते लिहिण्याचा भाग येतो, आणि इथे बहुतेक मुले कमी पडतात. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक अर्जात, उपक्रमांसाठी दहा जागा आहेत, आणि प्रत्येकाच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरे मिळतात, मोकळ्या जागा धरून. पदासाठी ५० अक्षरे वेगळी. यूसीच्या अर्जात वर्णनाला ३५० अक्षरे आहेत. एवढ्याशा जागेत ‘क्लबच्या बैठकांचे अध्यक्षस्थान भूषवले, सदस्यांना प्रेरणा दिली’ असे लिहिणे म्हणजे जागा वाया घालवणे. त्याऐवजी ‘सदस्य ५ वरून २५, बंद दुर्बीण चालू केली, दरमहा वाचनालयाबाहेर खुले आकाशदर्शन, ३ नव्या मुलांना प्रशिक्षण’ या धर्तीवर, अर्थात इंग्रजीत, लिहिले तर प्रत्येक शब्द काम करतो. पण आकडे खरे हवेत. आजपर्यंत किती लोक येऊन गेले ते मोजले नसेल तर आता मागे जाऊन मोठा आकडा बेतू नका; पुढच्या कार्यक्रमापासून वहीत नोंद ठेवायला लावा. यूसी दरवर्षी काही अर्जदारांना निवडून त्यांनी लिहिलेल्या गोष्टींचे पुरावे मागते, आणि त्या वेळी फुगवलेला आकडा महागात पडतो.

कॉमन अ‍ॅपमध्ये पुरस्कारांचा वेगळा भाग आहे आणि त्यात पाच जागा असतात. त्या भरल्याच पाहिजेत असे नाही. जुलैमध्ये एपीचे निकाल येतील. तीन विषयांत ३ किंवा त्याहून अधिक गुण असतील तर एपी स्कॉलर ही नोंद तिथे जाईल, शाळेने काही सन्मान दिला असेल तर तो जाईल. बाकीच्या जागा रिकाम्या राहिल्या तर राहू द्या. शुल्क भरले की ‘निवड झाली’ असे पत्र पाठवणाऱ्या सन्मानसंस्थांची पत्रे तुमच्या घरी एव्हाना आली असतील. त्यांतली एखादी ओळ घालून रकाना सजवण्यापेक्षा तो कोरा बरा.

खरा बाहेरचा पुरावा शिक्षकांकडून येईल. भौतिकशास्त्राच्या ज्या शिक्षकांकडे ती दुर्बीण होती त्यांनी हा क्लब आधी आणि नंतर असा दोन्ही वेळा पाहिला आहे, आणि त्यांनी तिला वर्गातही शिकवले असेल तर शिफारसपत्रासाठी त्यांच्याइतके योग्य दुसरे कुणी नाही. उन्हाळ्याची सुटी लागण्याआधी तिने स्वतः जाऊन विचारावे. सप्टेंबरमध्ये त्यांच्यापुढे रांग लागलेली असते. काउन्सेलरची गोष्ट निराळी आहे. कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत एकेका काउन्सेलरकडे शेकडो मुले असतात, त्यामुळे तुमच्या मुलीबद्दल त्यांना जे कळेल ते बहुधा तिने आणि तुम्ही भरून दिलेल्या ब्रॅग शीटमधूनच कळेल. आपल्याकडच्या आईवडिलांना त्या कागदावर मुलीचे कौतुक लिहायला संकोच वाटतो, म्हणून ‘ती मेहनती व आज्ञाधारक आहे’ असे लिहून मोकळे होतात. त्याचा काउन्सेलरला काही उपयोग होत नाही. एक प्रसंग लिहा, तारीख आणि तपशील घालून. यूसी मात्र सर्वसाधारणपणे शिफारसपत्रे मागत नाही. तिथे मुलीला आठांपैकी चार प्रश्न निवडून प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरे लिहायची असतात, आणि त्यांतला पहिलाच प्रश्न नेतृत्वाचा आहे. इतरांवर चांगला प्रभाव कसा पाडला, वाद कसे मिटवले किंवा गटाच्या कामाला दीर्घकाळ हातभार कसा लावला, याचे उदाहरण तो मागतो. पदाचे किंवा पारितोषिकाचे नाव त्यात नाही. गप्पा मारणाऱ्या चार-पाच मुलांना तिने कामाला कसे लावले, त्यांतले कोण रुसले, कुठला कार्यक्रम फसला, हे तिला लिहिता आले तर त्या प्रश्नाला पुरेसे होईल.

तुम्ही ओझरत्या सांगितलेल्या गोष्टीवर मला थोडे थांबायचे आहे. आठवड्यातल्या तीन दुपारी ती आजोबांजवळ असते. तुम्ही हे वेळ कमी पडण्याचे कारण म्हणून लिहिले आहे. अर्जात ते उपक्रम म्हणून लिहिले जाते. कॉमन अ‍ॅपच्या उपक्रमांच्या प्रकारांत कौटुंबिक जबाबदाऱ्या असा स्वतंत्र प्रकार आहे, आणि तिथेही आठवड्याचे तास व वर्षाचे आठवडे इतर उपक्रमांसारखेच भरायचे असतात. वर ज्या हार्वर्डच्या सूचना सांगितल्या त्यांतला पाचवा आकडा अशाच मुलांसाठी राखलेला आहे, आणि क्रमाने खाली असला तरी तो कमी दर्जाचा नाही; घरची जबाबदारी किंवा शाळा चालू असताना केलेली नोकरी यांची ती वेगळी नोंद आहे. हार्वर्डच्याच शिक्षणशास्त्र विभागातल्या एका प्रकल्पाने २०१६ साली काढलेल्या अहवालातही कॉलेजांना हेच सुचवले होते, की उपक्रमांची संख्या न पाहता खोली पाहा आणि घरच्यांसाठी केलेल्या कामाला मान द्या. आपल्या घरांत आजारी माणसाचे करणे याला कुणी कर्तृत्व म्हणत नाही, ते करायचेच असते, म्हणून मुलेही ते लिहीत नाहीत. आजोबांचे व्यायाम, औषधे, त्यांच्याशी बोलत राहणे यांत तिचे किती तास जातात ते तुम्ही दोघी बसून मोजा. फक्त त्याची करुण कहाणी करू नका. साध्या शब्दांत काय करते ते लिहिले की पुरे. आणि आजोबांनाही आधी सांगा, की नात याबद्दल लिहिणार आहे. त्यांना ते नको असेल तर नको.

संस्था स्थापन करण्याच्या सल्ल्यावर फार शब्द खर्च करत नाही. तीन वर्षे जिवंत असलेले काम सोडून अर्जापूर्वी तीन महिने लोगो, संकेतस्थळ आणि ‘संस्थापक’ ही पदवी तयार करायची, आणि कॉलेज सुरू झाले की ते सगळे बंद पडू द्यायचे, हा प्रकार अर्ज वाचणाऱ्यांनी इतका पाहिला आहे की त्यात आता नावीन्य उरलेले नाही. तिच्या क्लबला खरोखर निधी किंवा विमा हवा असेल, तर शाळेच्या छत्राखाली राहणेच सोयीचे आहे.

परिचयातल्या मुलांशी तुलनेबद्दलही एकच सांगते. एखाद्या पदकवाल्या मुलाला चांगले कॉलेज मिळाले, तर ते पदकामुळे मिळाले असे आपण बाहेरून ठरवतो. त्याचे विषय, ग्रेड, निबंध आणि घरची परिस्थिती आपण पाहिलेली नसते. आणि नकार मिळालेल्या पदकवाल्यांची नावे कुणी समारंभात घेत नाही. एकट्या यूसीएलएकडे, म्हणजे यूसीच्या लॉस एंजेलिस कॅम्पसकडे, दरवर्षी प्रथम वर्षासाठी एक लाख चाळीस हजारांहून अधिक अर्ज येतात आणि दहांतल्या जेमतेम एकाला प्रवेश मिळतो. म्हणून यादी नीट करणे हे पदक मिळवण्याइतकेच, कदाचित त्याहून अधिक, तुमच्या हातातले काम आहे. यूसीचे पदवीचे शिक्षण देणारे नऊ कॅम्पस आहेत. राज्यातल्या किंवा आपल्या शाळेतल्या वरच्या ९ टक्क्यांत बसणाऱ्या विद्यार्थ्याला, जागा असल्यास, त्यांतल्या कुठल्या तरी कॅम्पसमध्ये प्रवेशाची हमी असते, आणि त्या हमीचा पुरस्कारांशी काही संबंध नाही. कॅल स्टेट या राज्याच्या दुसऱ्या सरकारी विद्यापीठसमूहाची कॉलेजे मुख्यतः विषय आणि ग्रेड पाहतात. यादीत अशी दोन-तीन कॉलेजे हवीत जिथे प्रवेश जवळपास निश्चित आहे आणि जिथे जायला मुलीला खरोखर आवडेल. तशी यादी झाली, की वडिलांची काळजीही निम्म्याने कमी होईल असे मला वाटते.

पत्रात तुमचे मत आहे, पतीचे आहे, सल्लागारांचे आहे, मुलीचे एकही वाक्य नाही. क्लब सोडायचा की नाही हे ठरवण्याआधी तिघांनी एकदा बोलावे, आणि त्या वेळी कॉलेजचा विषय शेवटी काढावा. आधी तिला विचारा, की कुठलेही कॉलेज पाहणार नसते तरी तिने येत्या वर्षी काय केले असते. कदाचित ती म्हणेल, की क्लबचा तिलाही कंटाळा आला आहे आणि अध्यक्षपद दुसऱ्याला द्यायचे आहे. मग ते जूनमध्ये नीट निवडणूक घेऊन द्यावे, त्यात कमीपणा नाही. तीन वर्षांचे काम अर्जात तसेच राहते. कदाचित ती म्हणेल, की तिला खगोल ऑलिंपियाडचे प्रश्न सोडवून पाहायचे आहेत. तर आठवड्यातली एक संध्याकाळ त्यासाठी ठेवावी, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आंतरजालावर आहेत, आणि फेब्रुवारीतली परीक्षा तिने अर्जासाठी नव्हे तर स्वतःसाठी द्यावी. त्याच सोडवण्यात क्लबमधली दोन-तीन मुलेही बसली, तर पुढच्या वर्षीच्या अध्यक्षाला क्लब स्पर्धेत उतरवायचा की नाही हे ठरवायला सोपे जाईल.